पीके-सिम बसलं, पण औषध शरीरातून जातच नाहीये! आयसोनियाझिडच्या मॉडेलसाठी मदत हवी

वारणेकाठ

नमस्कार मंडळी. मी एम. फार्म. च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय फार्माकॉलॉजी. प्रबंधाचा विषय आयसोनियाझिड, म्हणजे टीबीची गोळी, आणि एनएटी२ नावाच्या एन्झाइममुळे ती काहींच्या शरीरातून भराभर जाते आणि काहींच्या शरीरात रेंगाळते ते मॉडेल करून दाखवायचं. आपल्याकडे निम्म्याहून जास्त लोक स्लो असिटिलेटर (ज्यांच्या शरीरात ती रेंगाळते ते) आहेत, म्हणजे विषय घरचाच आहे. प्राणी नाहीत, पेशंट नाहीत, बजेट तर नाहीच, म्हणून सरांनी सुचवलं की पीके-सिम वापर, औषध शरीरात कसं फिरतं ते दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे आणि कोड न लिहिता खिडक्या भरत भरत मॉडेल होतं.

बसवण्यातच दीड आठवडा गेला. लॅबच्या कॉम्प्युटरवर अ‍ॅडमिनचा पासवर्ड माझ्याकडे नाही आणि ज्यांच्याकडे होता ते रजेवर. घरचा लॅपटॉप दादाचा, त्यात डिस्क भरलेली. शेवटी गिटहबवर पोर्टेबल झिप मिळाली, ती पेनड्राइव्हवर उघडली आणि एकदाचं चालू झालं, इतका आनंद झाला की आईला उठवून दाखवलं.

आता खरी अडचण. माणूस तयार केला (एशियन, पुरुष, ३० वर्षं, ६० किलो), औषध भरलं, मॉलिक्युलर वेट १३७.१४, लॉग पी (चरबीत विरघळण्याचा कल) उणे ०.७, प्रोटीन बाइंडिंग अगदी कमी म्हणून फ्री फ्रॅक्शन ०.९. कंपाउंडमध्ये एनएटी२ ची प्रोसेस टाकली (सिप ३ए४, सिप २ई१ वगैरे औषधं मोडणारी बाकीची एन्झाइम्स सोडून दिली). ३०० मिलिग्रॅम तोंडावाटे. सिम्युलेशन पळालं, एकही एरर नाही. पण ग्राफ वर चढतो, साडेसात मिलिग्रॅम प्रति लिटरला पोचतो आणि चोवीस तास तिथेच बसून राहतो. खाली येतच नाही. क्लिअरन्सचा, म्हणजे औषध शरीरातून किती वेगाने जातं त्याचा, आकडा दहापट केला, शंभरपट केला, रेषा जशीच्या तशी. प्रोग्रॅममध्येच काही बिघाड आहे का? पुन्हा बसवू का? पुढच्या सोमवारी सरांना दाखवायचंय.

एकओळी

सिप ३ए४, सिप २ई१ वगैरे वाचून वाटलं होतं चहाचा धागा आहे. तरी वाचतोय, उत्तर मिळो.

गवतीचहा

@वारणेकाठ, आईला उठवून दाखवलंस हे वाचून फार छान वाटलं. मला यातलं उत्तर माहीत नाही पण बसवण्याबद्दल पुढे कुणाला लागलं तर लिहून ठेवते. पीके-सिमची खिडक्यांवाली आवृत्ती फक्त विंडोजसाठी आहे. मॅकवाल्यांनी तासभर शोधाशोध करू नका, मी केलीय. माझा जुना इंटेल मॅक आहे त्यावर व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज टाकून चालवते, सावकाश चालतं पण चालतं. विंडोजवर साधा इन्स्टॉलर घेतलात तर डॉटनेट आणि व्हिज्युअल सी प्लस प्लसचं पॅकेज मशीनवर असल्याची आधी खात्री करा, आणि डाउनलोड करताना गिटहबच्या पानावर सोर्स कोडची झिप वेगळी आणि सेटअपची वेगळी असते, आमच्या बॅचमधल्या तिघांनी सोर्स कोड उतरवून "यात तर काहीच उघडत नाही" म्हणून सोडून दिलं होतं.

जुनाखोड

पोरी, पुन्हा बसवू नकोस. प्रोग्रॅम ठीक आहे.

कागद घे. आयसोनियाझिडचा व्हॉल्यूम ऑफ डिस्ट्रिब्युशन किलोला साधारण ०.६५ लिटर धर, ते शरीरातल्या पाण्यात पसरतं, चरबीत जात नाही. ६० किलोचा माणूस म्हणजे ३९ लिटर. ३०० भागिले ३९, म्हणजे ७.७. तुझी रेषा कुठे बसलीय? साडेसातला. म्हणजे टाकलेलं सगळं औषध शरीरात पसरलं आणि एक कणही बाहेर गेला नाही. तुझ्या मॉडेलमध्ये क्लिअरन्स कमी पडत नाहीये, क्लिअरन्स जोडलेलाच नाहीये. म्हणूनच आकडा शंभरपट करून रेषा हलत नाही.

कुठे जोडायचा ते मला विचारू नकोस, आमच्या वेळी हे सॉफ्टवेअर नव्हतं, आम्ही सेमीलॉग कागदावर पट्टी ठेवून हाफ-लाइफ (औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) काढायचो. इथले तरुण सांगतील.

मायक्रोसोम

जुनाखोड सरांनी बरोबर पकडलंय. नवीन माणूस इथेच अडकतो, मीही अडकलो होतो.

पीके-सिममध्ये सगळं ठोकळ्यांत असतं. इंडिव्हिज्युअल एक ठोकळा, कंपाउंड दुसरा, डोस देण्याचा प्रोटोकॉल तिसरा, फॉर्म्युलेशन चौथा. सिम्युलेशन म्हणजे हे ठोकळे एकत्र आणणं. आता तू कंपाउंडमध्ये सांगितलंस की "हे औषध एनएटी२ मोडतं". पण तुझ्या माणसाच्या अंगात एनएटी२ आहे असं कुठे सांगितलंस? इंडिव्हिज्युअल उघड, एक्स्प्रेशनच्या टॅबवर जा, तिथे मेटाबोलायझिंग एन्झाइम म्हणून एनएटी२ जोड. जीन एक्स्प्रेशनचा डेटाबेस सेट असेल तर नाव शोधलं की कुठल्या अवयवात किती ते आपोआप येतं, नसेल तर हाताने भर, यकृतात भरपूर आणि आतड्यात थोडं. मग सिम्युलेशन करताना प्रोसेसेसचं पान येतं ना, जे आपण सगळे घाईघाईत नेक्स्ट नेक्स्ट करून ओलांडतो, तिथे डाव्या बाजूचं एन्झाइम आणि उजव्या बाजूची प्रोसेस यांची जोडी लागलीय का बघ. जोडी नसेल तर ती प्रोसेस मॉडेलमध्ये जातच नाही.

अजून एक. आयसोनियाझिड थोडं लघवीतूनही तसंच जातं. म्हणजे ग्लोमेर्युलर फिल्ट्रेशन (मूत्रपिंडातलं गाळणं) पण टाक.

पायथनप्रेमी

राग मानू नका पण म्हणूनच मी या खिडक्यांवाल्या सॉफ्टवेअरच्या विरोधात आहे. एक औषध, एक एन्झाइम, एक डोस, याला वीस ओळींचा कोड पुरतो. दोन कंपार्टमेंट, तीन डिफरन्शियल समीकरणं, झालं. क्लिअरन्स लिहायचा राहिला तर तो समीकरणात दिसणारच नाही आणि आपल्या लगेच लक्षात येईल. इथे दीड आठवडा बसवण्यात गेला, मग एन्झाइम कुठल्या टॅबवर ते शोधण्यात आठवडा, आणि शेवटी मुलीला कळलं काय? कुठलं बटण दाबायचं ते.

बेझेलकर

@पायथनप्रेमी, थोडा असहमत. मी इथे बासेलला हेच काम करतो, रोजचं. वीस ओळींत प्लाझ्मातलं प्रमाण निघेल, मान्य. पण तिचा प्रश्न तेवढाच नाहीये. उद्या सरांनी विचारलं की ४२ किलोची बाई असेल तर? लहान मूल असेल तर? आतड्यात किती मोडलं आणि यकृतात किती? तुमच्या दोन कंपार्टमेंटला अवयवच नाहीत तर ते काय सांगणार. पीके-सिममध्ये पंधराहून जास्त अवयव आहेत, प्रत्येकाचे परत प्लाझ्मा, रक्तपेशी, पेशींबाहेरची जागा आणि पेशींच्या आतली जागा असे चार कप्पे, प्रत्येक अवयवाचं वजन आणि रक्तप्रवाह माणसाच्या वय-उंची-वजनावरून ठरतो. हे सगळं एकट्याने पायथनमध्ये लिहायला बसलात तर प्रबंधाची मुदत संपेल.

आणि हे "खिडक्यांवालं" म्हणून हलकं समजू नका. हे बायर या औषध कंपनीत वर्षानुवर्षं वापरात होतं, २०१७ मध्ये मोबी या त्याच्या जोडीच्या प्रोग्रॅमसकट ओपन सोर्स केलं, जीपीएल २ लायसन्स. समीकरणं बघायचीत तर तेच मॉडेल मोबीमध्ये उघडा, प्रत्येक रिअ‍ॅक्शन दिसते. कोडच लिहायचाय तर त्याचं आर पॅकेजही आहे. सिमसिप, गॅस्ट्रोप्लस ही व्यावसायिक सॉफ्टवेअर आहेत आणि कंपन्यांत भरपूर चालतात, पण सांगली-कोल्हापूरच्या विद्यार्थिनीच्या पेनड्राइव्हवर बसेल आणि आतलं सगळं उघडून बघता येईल असं हेच.

पायथनप्रेमी

अवयवांचा मुद्दा मान्य. मोबीमध्ये समीकरणं उघडी दिसतात हे माहीत नव्हतं, बघतो.

पण माझी मूळ तक्रार कायम आहे. कोरा रकाना दिसला की माणूस तो भरतो, आणि आधीच भरलेला दिसला की त्याच्याकडे बघत नाही.

मायक्रोसोम

हे मात्र १०१ टक्के खरं.

वारणेकाठ

बाप रे, इतके प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार. जुनाखोड सर, तुमचा ३०० भागिले ३९ वाचून मी अक्षरशः बसल्या जागी हसले, किती सोपं होतं, आणि मी आठवडाभर क्लिअरन्सचा आकडा बदलत बसले.

मायक्रोसोम दादा, इंडिव्हिज्युअलमध्ये एनएटी२ जोडलं. पुन्हा रन केलं. तरीही तेच, रेषा सपाट! नावाचं स्पेलिंगही तपासलं.

मायक्रोसोम

सिम्युलेशनच्या झाडात इंडिव्हिज्युअलच्या नावापुढे लाल खूण दिसतेय का हिरवी?

वारणेकाठ

लाल.

मायक्रोसोम

हां, मग तेच. सिम्युलेशन करताना प्रोग्रॅम प्रत्येक ठोकळ्याची स्वतःची प्रत घेतो. तू नंतर मूळ माणूस बदललास, पण सिम्युलेशनमध्ये जुनाच माणूस बसलाय, बिनएन्झाइमचा. लाल खूण म्हणजे मूळ आणि प्रत यांच्यात फरक पडलाय. नुसता आकडा बदलला असेल तर उजवं क्लिक करून अपडेट करता येतं. तू अख्खं एन्झाइम जोडलंयस, तेव्हा सिम्युलेशन कॉन्फिगरमधून पुन्हा बांध आणि ती जोडी लाव.

उलटंही असतं बरं का. सिम्युलेशनच्या आत बसून एखादा आकडा बदललास तर तो तिथेच राहतो, मूळ कंपाउंडमध्ये जात नाही, मुद्दाम कमिट करावं लागतं. माझ्या एका प्रोजेक्टमध्ये पाच सिम्युलेशन्स होती आणि पाचात क्लिअरन्सचे पाच वेगळे आकडे, कुठला खरा ते मलाच कळेना, दोन दिवस घालवले. तेव्हापासून रोज काम थांबवताना डॉट पीकेसिम५ फाइल तारीख टाकून वेगळी सेव्ह करतो.

परशुराम_घाट

मंडळी मी या क्षेत्रातला नाही, बागायतदार आहे, पण एक शंका. माझ्या वडिलांना रक्तदाबाची गोळी देताना डॉक्टर म्हणाले होते ग्रेपफ्रूट खाऊ नका. आमच्या परसात पपनसाचं झाड आहे. हे सिप वगैरे त्याच्याशीच संबंधित ना?

बेझेलकर

@परशुराम_घाट, अगदी त्याच्याशीच. आणि त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. कॅनडात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर दारूचा काय परिणाम होतो ते बघत होते. दारूची चव झाकायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि औषधाचं रक्तातलं प्रमाण अपेक्षेपेक्षा खूप वर गेलं. शोध घेतला तर करामत रसाची निघाली. त्यातली फ्युरानोकौमरिनं आतड्याच्या भिंतीतलं सिप ३ए४ निकामी करतात, मग जे औषध आतड्यातच मोडायचं ते सगळं रक्तात उतरतं. नवीन एन्झाइम तयार होईपर्यंत परिणाम टिकतो, त्यामुळे गोळी सकाळी आणि फळ संध्याकाळी अशी वाटणी करून भागत नाही.

पपनसातही फ्युरानोकौमरिनं असतात. रक्तदाबाच्या सगळ्या गोळ्यांना हे लागू नाही, तेव्हा वडिलांची गोळी कुठली ते डॉक्टरांना दाखवून झाडाबद्दल स्पष्ट विचारा.

परशुराम_घाट

धन्यवाद. उद्याच फोन करतो. तोवर पपनसं शेजाऱ्यांना.

एकओळी

शेजारी कुठली गोळी घेतात ते आधी विचारा हो!

जुनाखोड

आतड्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. पूर्वी आम्ही फर्स्ट पास (गिळलेलं औषध सगळ्या शरीरात पोचण्याआधीच मोडणं) म्हणजे यकृत असंच शिकवायचो. १९९६ साली एक अभ्यास आला, यकृत बदलण्याच्या ऑपरेशनमध्ये जुनं यकृत काढलेलं आणि नवीन अजून जोडलेलं नाही, त्या मधल्या काळात मिडाझोलाम हे गुंगीचं औषध थेट आतड्यात दिलं आणि रक्त तपासलं. यकृतच नाही, तरी सरासरी ४३ टक्के औषध आतड्याच्या भिंतीतच मोडलेलं. त्या पेशंटांनी, त्या सर्जननी आणि भुलीच्या डॉक्टरांनी जे कळवलं ते आज या पोरांच्या स्क्रीनवर एका रकान्यात बसलंय. तो रकाना भरताना जरा आदराने भरा एवढंच.

गवतीचहा

जुनाखोड काका __/\__ उद्या हे वर्गात सांगणार.

थोडं अवांतर, मॅकवाल्यांसाठी. ज्यांना अख्खं शरीर नकोय, फक्त मेटाबोलिझमच्या रिअ‍ॅक्शनचं जाळं बघायचंय त्यांनी कोपासी वापरून बघा. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, फुकट आहे, बसवायला पाच मिनिटं. मी बी. फार्म. च्या मुलांना पॅरासिटामॉल त्यात करून दाखवते. पॅरासिटामॉलचे तीन रस्ते, ग्लुक्युरोनाइड, सल्फेट आणि थोडंसं सिप २ई१ मधून नॅपक्वी, हा विषारी. नॅपक्वीला ग्लुटाथायोन पकडतं. कोपासीत रिअ‍ॅक्शन टाइप केली की समीकरण ते स्वतः बांधतं, मग डोसला स्लायडर लावायचा. नेहमीच्या डोसला ग्लुटाथायोनची रेषा जरा खाली जाऊन परत भरते. डोस वाढवत नेला की सल्फेटचा रस्ता भरून जातो, नॅपक्वीकडे जास्त वळतं, ग्लुटाथायोन तळाला जातं आणि नॅपक्वीची रेषा एकदम उसळते. मागच्या बाकावरचा मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, म्हणजे अ‍ॅसिटिलसिस्टीन (ग्लुटाथायोन भरून काढणारा उतारा) लवकर द्यायचं ते यासाठी." पुस्तकातून तीन वर्षं शिकवलं होतं, असं कुणी कधी उठून म्हणालं नव्हतं.

वारणेकाठ

जोडी लागली!! रेषा खाली यायला लागली!!!

पण (माझ्या नशिबात पण आहेच) आता हाफ-लाइफ सहा तास येतोय. स्लो असिटिलेटरचे आकडे टाकलेत तरी पुस्तकात त्यांचा २ ते ५ तास दिलाय. क्लिअरन्स एका पेपरमधून घेतला, मानवी यकृताच्या सायटोसोलवर (पेशीतल्या द्रवावर) केलेला प्रयोग आहे, मिलिग्रॅम प्रोटीनमागे. प्रोसेस निवडताना लिव्हर मायक्रोसोम्सवाला पर्याय घेतला कारण बाकीचे समजले नाहीत. फिल्ट्रेशन अजून टाकायचंय.

मायक्रोसोम

माझं टोपणनाव मायक्रोसोम आहे म्हणून तरी हे मलाच सांगायला हवं. एनएटी२ मायक्रोसोममध्ये नसतं! ते पेशीच्या सायटोसोलमध्ये असतं. सिप आणि ग्लुक्युरोनाइड करणारी यूजीटी ही एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या पडद्यात असतात म्हणून ती मायक्रोसोममध्ये येतात. एका ग्रॅम यकृतामागे मायक्रोसोमचं प्रोटीन साधारण ४० मिलिग्रॅम धरतात, सायटोसोलचं त्याच्या साधारण दुप्पट. म्हणजे मिलिग्रॅममागचा आकडा सायटोसोलचा आणि गुणाकार मायक्रोसोमचा केलास की क्लिअरन्स जवळपास निम्मा होणार आणि हाफ-लाइफ जवळपास दुप्पट.

असं कर. पेपरमधला आकडा घे, सायटोसोलच्या प्रोटीनने आणि यकृताच्या वजनाने गुणून अख्ख्या यकृताचा इंट्रिन्सिक क्लिअरन्स (एन्झाइमची स्वतःची मोडण्याची क्षमता) वहीत काढ, आणि प्रोग्रॅममध्ये इंट्रिन्सिक क्लिअरन्सचा साधा पर्याय निवडून तो भर. एकक बघ, मायक्रोलिटर आणि मिलिलिटर यात हजारपटीचा खड्डा आहे, ड्रॉपडाउनमध्ये एक ओळ खाली क्लिक झालं की संपलं. आणि एन्झाइमच्या रेफरन्स कॉन्सन्ट्रेशनचा, म्हणजे ते किती आहे त्याचा, रकानाही बघ. तिथे तुला १ मायक्रोमोल प्रति लिटर दिसेल, ते मोजलेलं नाही, आपोआप भरलेलं आहे. सिप ३ए४ ला यकृतासाठी ४.३२ वापरतात, सिप १ए२ ला १.८. एनएटी२ ला १ च ठेवलंस तरी चालेल पण प्रबंधात तसं स्पष्ट लिही, कारण मग तुझा क्लिअरन्स त्या १ शी बांधलेला असतो आणि उद्या कुणी तो बदलला तर सगळंच बदलतं.

पायथनप्रेमी

"आपोआप भरलेलं". माझं म्हणणं हेच होतं.

बेझेलकर

आणि माझं म्हणणं हे आहे की हाच रकाना कोडमध्ये कुणीतरी वरच्या ओळीत १.० म्हणून लिहून ठेवलेला असता आणि तोही कुणी बघितला नसता. :-) असो, आपलं दोघांचं एकमत होत आलंय.

@वारणेकाठ, प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून आला ते लिहायची सवय आत्ताच लाव. प्रोग्रॅममध्ये पॅरामीटरला स्रोताची नोंद करता येते. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने आणि युरोपच्या ईएमएनेही अशा मॉडेलचा अहवाल कसा लिहायचा यावर मार्गदर्शन काढलं, त्यात जोर यावरच आहे. माझ्या टेबलावर परत आलेल्या मॉडेल्समध्ये गणित चुकलेलं क्वचित असतं, आकडा कुठून आला ते कुणाला सांगता येत नाही असंच जास्त.

डॉ_रानवारा

उशिरा वाचला धागा. मी ग्रामीण रुग्णालयात आहे, टीबीचे पेशंट रोज बघतो. दोन गोष्टी सुचवतो.

तुमचा माणूस ६० किलोचा आणि डोस ३००. आमच्याकडे सरकारी कार्यक्रमात गोळ्या वजनाच्या पट्ट्यांवर मिळतात. चार औषधांच्या एकत्र गोळीत आयसोनियाझिड ७५ मिलिग्रॅम. ३५ ते ४९ किलोला तीन गोळ्या म्हणजे २२५, ५० ते ६४ किलोला चार म्हणजे ३००. माझ्या ओपीडीत ६० किलोचा टीबी पेशंट आला तर मी त्याला पुन्हा वजनकाट्यावर उभा करतो. बहुतेक ३८, ४१, ४३. तेव्हा ४२ किलो आणि २२५ हे नक्की करून बघा. किलोमागे पाहिलं तर डोस जरा जास्तच पडतो, आणि तो पेशंट स्लो असिटिलेटर असेल तर हातापायाला मुंग्या येतात, म्हणून आम्ही पायरिडॉक्सिन (बी६ जीवनसत्त्व) देतो.

दुसरं, प्रोग्रॅममधला "एशियन" म्हणजे कोण?

बेझेलकर

फार चांगला प्रश्न डॉक्टर. पीके-सिममधल्या यादीत एशियनपुढे कंसात तनाका, १९९६ असं लिहिलेलं असतं. ती माहिती मुळात जपानी लोकांची आहे. भारतीय अशी वेगळी लोकसंख्या यादीत नाही. अवयवांची वजनं, रक्तप्रवाह सगळं तिथूनच येतं. त्यामुळे उंची आणि वजन स्वतःच्या पेशंटचं भरायचं, पण आतलं यकृत किती मोठं हे प्रोग्रॅम त्याच माहितीवरून ठरवणार, आणि कुपोषित पेशंटचं स्नायू-चरबीचं प्रमाण त्यात नीट येणार नाही.

डॉ_रानवारा

म्हणजे माझा पेशंट कुठल्याच यादीत नाही. हे मला वाईट वाटलं असं लिहितो, कारण खरंच वाटलं. ज्या देशात जगातले सर्वात जास्त टीबीचे पेशंट आहेत तिथल्या ४० किलोच्या माणसाच्या शरीराचं माप कुणीतरी घेऊन असं उघड्यावर ठेवायला हवं. ओपन सोर्स आहे म्हणता, तर मग आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजांना हे करता येईल ना?

जुनाखोड

करता येईल. शवविच्छेदनात अवयवांची वजनं घेतातच, नोंदवह्या पडून आहेत. कुणीतरी बसून, परवानग्या घेऊन, नावं काढून, वय-उंची-वजनासकट ते टेबल करायला हवं. एका पोराचा नाही, चार-पाच कॉलेजांनी मिळून करायचा प्रबंध आहे.

१९३७ साली स्वीडनच्या टिओरेलने औषध शरीरात कसं फिरतं याची समीकरणं मांडली तेव्हा ती सोडवायला कॉम्प्युटर नव्हता. आज कॉम्प्युटर पेनड्राइव्हवर आलाय आणि माप नाही.

गवतीचहा

मी आमच्या कॉलेजात विचारते. खरंच विचारते. पॅथॉलॉजीच्या मॅडम ओळखीच्या आहेत.

वारणेकाठ

सोमवार झाला. सरांना दाखवलं. तुम्हाला सगळं सांगायचंय म्हणून लांबलचक लिहितेय.

रविवारी रात्री सायटोसोलचा हिशेब वहीत केला, इंट्रिन्सिक क्लिअरन्स भरला, फिल्ट्रेशन टाकलं. स्लो असिटिलेटरचा हाफ-लाइफ ३.१ तास आला. फास्टसाठी दुसरा इंडिव्हिज्युअल केला, त्यात एनएटी२ चं रेफरन्स कॉन्सन्ट्रेशन वाढवलं, हाफ-लाइफ १.३ तास. ३०० मिलिग्रॅमला फास्टचं कमाल प्रमाण ४.१ आणि स्लोचं ५.९ मिलिग्रॅम प्रति लिटर, दोन तासांच्या रक्ताला ३ ते ६ अपेक्षित धरतात त्यात दोन्ही बसतंय. मग डॉक्टरांचा पेशंट केला, ४२ किलो, २२५ मिलिग्रॅम. स्लोमध्ये कमाल ६.३ आलं, म्हणजे डोस कमी करूनही ६० किलोवाल्यापेक्षा जास्त. सर ग्राफकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले हा एक ग्राफ पहिल्या प्रकरणात टाक.

आकडे कुठून आले त्याचं टेबल केलंय, एकोणीस ओळी झाल्या. त्यातल्या तीन ओळींपुढे मला "प्रोग्रॅममध्ये आपोआप आलेलं" असं लिहावं लागलं आणि पायथनप्रेमी दादांची आठवण आली. एशियनपुढे तनाका, १९९६ आणि "भारतीय माप उपलब्ध नाही" असंही लिहिलंय. सर म्हणाले मर्यादांमध्ये नको, मुख्य मजकुरात लिही.

पुढे रिफाम्पिसिन, टीबीचंच दुसरं औषध, घालायचंय. ते सिप ३ए४ वाढवतं हे माहीत आहे, पण आयसोनियाझिडवर त्याचा काही फरक दाखवायचा का?

मायक्रोसोम

सुरेख! रिफाम्पिसिन तुझ्या प्रश्नात घालू नकोस. ते सिप ३ए४ चा इंड्यूसर आहे, तुझं औषध मुख्यतः एनएटी२ वर जातं. शिकायचं म्हणून करायचं असेल तर ओपन सिस्टिम्स फार्माकॉलॉजीच्या गिटहबवर मिडाझोलाम आणि रिफाम्पिसिन यांची तयार मॉडेल्स आहेत, ती उघड, त्यातला प्रत्येक आकडा बघ, रिफाम्पिसिन आठवडाभर देऊन मिडाझोलामची रेषा कशी खाली कोसळते ते बघ. खरं तर आयसोनियाझिडच्या आधी तेच करायला हवं होतंस, हे मी पहिल्या प्रतिसादात सांगायला विसरलो.

डॉ_रानवारा

४२ किलोचा ग्राफ मला पाठवाल का? आमच्या फार्मासिस्टला दाखवायचाय. रिफाम्पिसिनवाले डोल्युटेग्राविर (एचआयव्हीचं औषध) दिवसातून दोनदा का घेतात हेही तो सारखा विचारतो, तो मिडाझोलामचा ग्राफही असेल तर बरं.

जुनाखोड

मास बॅलन्स बघितलास का? दिलेलं सगळं औषध कुठे गेलं याची बेरीज.

वारणेकाठ

डॉक्टर, दोन्ही पाठवते.

जुनाखोड सर, आत्ता बघितलं. स्लोमध्ये चोवीस तासांला मोडलेलं अधिक लघवीतून गेलेलं मिळून ०.९९५. उरलेल्या ०.००५ ने घाबरले होते, मग वहीत भागलं, २४ भागिले ३.१ म्हणजे पावणेआठ हाफ-लाइफ, तेवढं अजून शरीरातच असणार. सिम्युलेशन ४८ तासांपर्यंत वाढवलं, १ आलं.

जुनाखोड

शाब्बास.